गोल कुठून सुरू झाला? मुलींच्या फुटबॉल संघाचा एक हंगाम, सातारा

१६ जून २०२५, सोमवार

आज शाळा उघडली आणि मधल्या सुट्टीतच फुटबॉलसाठी नावं घेतली. आठवी ते दहावीतल्या बावीस मुलींनी नाव दिलं. निम्म्याहून जास्त खो-खोच्या आहेत, चौघी कबड्डीच्या, बाकीच्या मैदानावरच पहिल्यांदा येणाऱ्या. मागच्या वर्षीच्या संघातल्या सहाजणी उरल्या आहेत, बाकीच्या दहावी होऊन गेल्या. हायस्कूलच्या संघाचं असंच असतं, जरा घडत आला की निम्मा संघ परीक्षा देऊन निघून जातो.

या वर्षी हंगामाची नीट नोंद ठेवायची ठरवली आहे. किती सामने जिंकलो, किती हरलो हे स्पर्धेच्या तक्त्यात लिहिलेलं असतंच. मला लिहायचं आहे ते हे, की आमच्यावर झालेला प्रत्येक गोल नक्की कुठून सुरू झाला. शाळेच्या संघात गोल बसला की सगळे गोलकीपरकडं बघतात. ती पोर मान खाली घालून जाळ्यातला बॉल काढते. तिच्या आधी कुणी काय केलं, कोण जागेवर नव्हतं, हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. त्यामुळं गोलकीपर व्हायला कुणी तयार होत नाही, आणि ज्या चुकीमुळं गोल झाला ती चूक पुढच्या सामन्यातही तशीच होते.

दोनशे पानी वही घेतली. डाव्या पानावर मैदानाची आकृती, उजव्या पानावर मुली जे सांगतील ते. मुली तिला आत्ताच गोलवही म्हणायला लागल्या आहेत. नोंदीत मुलींची नावं न लिहिता जर्सीचे नंबर लिहिणार आहे.

२१ जून, शनिवार

खो-खोच्या मुलींना शिकवताना फार आनंद वाटतो. पाय हलके, दमसास भरपूर आणि पडायची भीती नाही. पायात पाय घालून बॉल काढायचा म्हटलं की इतर मुली कचरतात, या सूर मारून मोकळ्या होतात. पण एक अडचण आज पुरती ध्यानात आली. खो-खोत पाठलाग करणारीनं एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत त्याच दिशेनं जायचं असतं. मध्येच उलटं वळलं की फाउल. पाचवीपासून खेळून हे त्यांच्या अंगात मुरलंय. त्यामुळं फुटबॉलमध्येही पुढं पळाल्या की पुढंच पळतात. बॉल गेला, समोरच्या संघानं तो आमच्या पाठीमागं टोलवला, तरी या आणखी चार पावलं पुढं जातात आणि मग तिथंच उभं राहून काय होतंय ते बघतात.

म्हणून आजपासून रोजच्या सरावाला एक गोष्ट जोडली. तिघीजणी उभ्या राहतात. एक पास देते, दुसरी घेते, तिसरी घेणारीच्या पाठीमागं बोटं वर करून उभी. बॉल पायाशी यायच्या आधी घेणारीनं मान वळवून बोटं बघायची आणि मोठ्यानं सांगायचं, "तीन!" किंवा "एक!" मगच बॉल घ्यायचा. सोपं वाटतं, पण आज दहातल्या आठ वेळा एकतर बॉल सुटला, नाहीतर बोटं बघायची राहिली. सहा नंबरला मात्र जमलं. ती नववीतली, बुटकी, बोलायला कमी. तिची मान सारखी इकडंतिकडं फिरत असते. वर्गात याबद्दल तिला बोलणी बसतात म्हणे. मला तर अशीच मुलगी मधल्या फळीत हवी होती.

२८ जून, शनिवार

पालकांची सभा झाली. यायला हव्यात त्याच्या निम्म्या घरांतून माणसं आली, पण आली ती मनापासून बोलली.

पहिला प्रश्न वेळेचा. सराव सहापर्यंत चालला तर परळीकडच्या आणि कास रस्त्याकडच्या मुलींना एसटी मिळत नाही. त्या मुलींचा सराव सकाळी साडेसहाला आणि सगळ्यांचा एकत्र शनिवारी, असं ठरवलं. दुसरा प्रश्न कपड्यांचा. हाफ पँटखाली लेगिंग्ज घालायची मोकळीक आहे, हे सांगितल्यावर दोन आयांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तिसरा प्रश्न दहावीच्या क्रीडा गुणांचा, तो दरवर्षी येतो. त्यावर मी एकच सांगते, गुण मिळाले तर मिळतील, पण गुणांसाठी म्हणून मुलगी पाठवू नका, दोन पराभवांतच ती घरी बसेल.

गोडोलीच्या एका वडलांनी सभेत उठून ललिता बाबरचं नाव घेतलं. माण तालुक्यातल्या मोहीची मुलगी, दुष्काळी भागातली, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. "तिला कुठलं मैदान होतं?" असं ते म्हणाले. मला वाटतं, तिला मैदान मिळालं असतं तर ती आणखी लवकर पुढं आली असती. पण त्या वडलांच्या बोलण्यानं सभेचा सूर बदलला, हे खरं.

मुलींशी नंतर वेगळं बोलले. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही हे ज्या त्या मुलीनं ठरवायचं. साहित्याच्या खोलीत पॅडचा डबा ठेवला आहे, घ्यायला विचारावं लागत नाही.

७ जुलै, सोमवार

परवा, ५ जुलैला, भारताच्या महिला संघानं थायलंडमध्ये चियांग माईला थायलंडला २-१ नं हरवलं आणि २०२६ च्या आशियाई करंडकासाठी जागा मिळवली. पात्रता फेरी खेळून तिथं पोहोचण्याची ही पहिलीच वेळ. दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि ती मधल्या फळीत खेळणारी.

काल आषाढी एकादशी होती, त्यामुळं शाळेत आज दाखवलं. संगणक कक्षात गोलांची क्षणचित्रं लावली. मुलींनी पहिल्यांदा गोल बघितले, मग मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं आणि म्हटलं, आता बॉलकडं बघू नका, जिच्याजवळ बॉल नाही तिच्याकडं बघा. खोलीत एकदम गलका झाला. "ही बघा ही, ही मागं बघतेय!" "मॅडम, आपल्यासारखीच बोटं मोजतेय!" आठ नंबरनं तर उठून पडद्यावर बोट ठेवलं.

तीन वर्षांपूर्वी, २०२२ मध्ये, सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात झाला होता. आपल्या मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या. तेव्हा गावात लोक म्हणत, कशाला खेळायचं. त्या हरण्यापासून या जिंकण्यापर्यंतचा रस्ता मुलींना समजावा म्हणून दोन्ही आकडे फळ्यावर लिहून ठेवले.

१२ जुलै, शनिवार

गोलपोस्टचं जाळं फाटलं होतं. नवीन आणायला या महिन्यात पैसे नाहीत. तीन नंबर संगम माहुलीची. तिचे वडील कृष्णेत मासे धरतात. ते आज स्वतः आले, लाकडी सुई आणि नायलॉनच्या दोऱ्याची गुंडी घेऊन. पावसाची झड चालू होती, तरी पोस्टखाली बसून दोन तास गाठी मारत राहिले. मुली भोवती बसून बघत होत्या. त्यांनी एका गाठीला दोनदा ताण देऊन दाखवला आणि म्हणाले, "मासा सुटला तर एकाच भोकातनं सुटतो बघा, पर ते भोक कालच्या ताणानं पडल्यालं असतंय." मी लगेच वहीत लिहून घेतलं. तीन नंबर दिवसभर वडलांपासून चार पावलं लांब उभी होती, पण जाताना त्यांची पिशवी तिनंच उचलली.

१७ जुलै, गुरुवार

सुब्रतो चषकाची जिल्हास्तरीय फेरी. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाची ही शालेय स्पर्धा १९६० पासून चालू आहे. जिल्हा, विभाग, राज्य असं करत विजेता संघ दिल्लीला जातो. आपला सातारा कोल्हापूर विभागात.

पहिलाच सामना पाचगणीच्या एका निवासी शाळेशी. ०-५.

मैदानावर पाणी होतं, बॉल पळत नव्हता, टोलवला की जागेवर थांबत होता. हे दोन्ही संघांना सारखंच. परतताना गाडीत कुणी बोललं नाही. गोलकीपर शेवटच्या बाकावर जर्सी डोक्यावर घेऊन बसली होती. एकीनं हळूच म्हटलं, "पाचगणीच्या पोरी उंचावर राहतात, त्यांचा दम वेगळा असतो." हे मी फार ऐकलंय. पाचगणी तेराशे मीटरच्या आसपास उंच आहे, ते खरं. पण आपल्या मुली यवतेश्वरचा घाट पळून येतात. शेवटच्या दहा मिनिटांत पळण्यात त्या कुठंच कमी नव्हत्या. हरल्या त्या जागा सुटल्यामुळं. आज काही बोलले नाही. परवा वही उघडायची.

१९ जुलै, शनिवार

आज बॉल बाहेर काढलाच नाही. वर्गात बाकं बाजूला सारली, जमिनीवर खडूनं मैदान आखलं आणि अकराजणी त्यावर उभ्या राहिल्या. एकेक गोल चालून बघितला.

पहिला गोल त्यांच्या थ्रो-इनवर, म्हणजे बाजूच्या रेषेवरून हातानं फेकलेल्या बॉलवर झाला. त्यांची मुलगी आमच्या बचावफळीच्या मागं एकटी उभी होती आणि आमच्या दोघी हात वर करून ऑफसाइड, म्हणजे बचावफळीच्या मागं आधीच जाऊन उभं राहिल्याची चूक, मागत राहिल्या. थ्रो-इनवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतो, कॉर्नर (मैदानाच्या कोपऱ्यावरून मारायची किक) आणि गोलकिकलाही नसतो. दोन नंबर म्हणाली, "मग हात वर करण्यापेक्षा पळालो असतो." त्या पानावर तेच वाक्य लिहिलं. दुसरा गोल कॉर्नरवर, लांबच्या पोस्टपाशी कुणीच नव्हतं. चौथा लांबून मारलेला, ओल्या हातातून निसटलेला, पण मारणारीच्या अंगावर पाच पावलांत कुणी गेलं नव्हतं.

तिसऱ्या गोलावर अर्धा तास गेला. सगळ्यांच्या मते तो गोलकीपरचा, कारण तिनं मारलेली किक सरळ त्यांच्या खेळाडूच्या पायात गेली. मी विचारलं, बॉल तिच्याकडं आला कुठून? चार नंबरनं मागं दिला. चार नंबरनं मागं का दिला? समोर दोघी अंगावर आल्या होत्या. मग बाजूला कोण मोकळं होतं? पाच नंबर. ती कुठं बघत होती? थोडा वेळ शांतता. मग पाच नंबर खडूच्या रेषेवरून चालत स्वतः पुढं गेली आणि म्हणाली, "मी पुढं बघत होते. मला वाटलं, चार नंबर पुढंच मारणार." आम्ही उलटं उलटं चालत गेलो आणि तो गोल मैदानाच्या मध्यावर, गोलकीपरपासून पंचेचाळीस पावलं लांब सुरू झाला होता असं निघालं.

गोलकीपर आतापर्यंत भिंतीला टेकून उभी होती. ती आखलेल्या गोलरेषेवर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तरीपण मी बॉल बाजूला मारायला पायजे होता." तिला कुणी दोष दिला नाही म्हणून ती हे बोलू शकली, असं मला वाटतं.

पाचवा आमच्याच कॉर्नरवरून सुरू झाला. सगळ्या गोल करायला पुढं गेल्या, बॉल त्यांच्या पायात आला आणि आमच्या सातजणी खो-खोच्या सवयीनं तशाच उभ्या. परत वळून पळाल्या त्या फक्त दोन नंबर आणि सहा नंबर.

२ ऑगस्ट, शनिवार

कराडच्या एका हायस्कूलशी सरावाचा सामना, आमच्या मैदानावर. २-१ नं जिंकलो. सकाळी मैदानाच्या रेषांची फक्की मारली होती, दहा वाजता पावसानं धुऊन नेली, परत मारली. दोन्ही गोल नऊ नंबरचे. आमच्यावरचा एक गोल पुन्हा कॉर्नरवरच. लांबचा पोस्ट.

११ ऑगस्ट, सोमवार

काल वीस वर्षांखालच्या मुलींनी म्यानमारला १-० नं हरवून आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. सकाळी फळ्यावर मुलींनीच लिहून ठेवलं होतं, मला सांगायचीही गरज पडली नाही.

कॉर्नरसाठी आता नेमणूक पक्की केली. तीन नंबर जवळच्या पोस्टला, अकरा नंबर लांबच्या पोस्टला, आणि बॉल बाहेर गेल्याशिवाय पोस्टचा हात सोडायचा नाही. अकरा नंबरला हे आवडलेलं नाही. तिला पुढं पळायचं असतं. तिला म्हटलं, गोल वाचवलेला आणि गोल केलेला यांची किंमत तक्त्यात सारखीच असते. पटलं नाही, पण उभी राहिली.

२३ ऑगस्ट, शनिवार

पाऊस थांबत नाही. मैदानावर पिंढरीएवढा चिखल. वर्गात नियमांचा तास घेतला.

१ जुलैपासून गोलकीपरसाठी नवा नियम आला आहे. हातात बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर. पूर्वी सहा सेकंदांचा नियम होता आणि शिक्षा अप्रत्यक्ष फ्री किकची, पण ती रेफरी क्वचितच देत. आता शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो. मुलींना वाटलं, हा नियम फक्त गोलकीपरनं पाठ करायचा. तिला समोर उभं केलं, हातात बॉल दिला आणि बाकी दहाजणींना म्हटलं, आठ सेकंद तुम्हाला मिळालेत. तेवढ्यात तिच्यासाठी मोकळ्या जागेत कोण जातंय? पहिल्या वेळी आठ मोजून झाले तरी कुणीही हललं नव्हतं. नंतर सहा नंबर हलली, मग आठ, मग दोन. आवाज ठरवला. गोलकीपर "वळा!" ओरडणार आणि ते ऐकल्यावर ज्या पुढं गेल्यात त्यांनी तिच्याकडं तोंड करायचं.

९ सप्टेंबर, मंगळवार

गणपतीच्या दिवसांत सराव जवळजवळ बंदच होता. निम्म्या मुली ढोल-लेझीम पथकात होत्या. ते मला खटकत नाही, लेझीम खेळून पाय सैल होतात.

काल भारताच्या पुरुष संघानं ओमानशी १-१ बरोबरी केली आणि टायब्रेकरवर ३-२ नं जिंकून काफा नेशन्स करंडकात (मध्य आशियाई संघटनेची स्पर्धा) तिसरा क्रमांक घेतला. शेवटची पेनल्टी गोलकीपर गुरप्रीतनं अडवली. आमच्या गोलकीपरनं ती मोबाइलवर सारखी बघितली म्हणाली. आज तिनं स्वतःहून पेनल्टीचा सराव मागितला. पोस्टपासून पोस्टपर्यंत ७.३२ मीटर, बॉल ११ मीटरवर. बॉलला पाय लागेपर्यंत एक पाऊल तरी रेषेवर हवं. ती सतत अंदाजानं आधीच उडी घेत होती. तिला म्हटलं, मारणारीच्या टेकलेल्या पायाकडं बघ, पंजा जिकडं वळलाय तिकडं बहुतेक वेळा बॉल जातो. संध्याकाळपर्यंत तिनं चांगल्या मारलेल्या तीन-चार अडवल्या.

१३ सप्टेंबर, शनिवार

शहरातल्याच एका शाळेशी सरावाचा सामना. यंदा पहिल्यांदाच संघ उतरवलेली शाळा. सगळ्यांनी जिंकणार असं धरलं होतं. ०-१ नं हरलो.

वहीतलं पान लहान आहे. आमची सात नंबर बॉल घेऊन तिघींना चकवत गेली, चौथीनं काढून घेतला. बाजूला नऊ नंबर मोकळी होती. तिला पास दिला नाही, कारण मागच्या आठवड्यात त्या दोघींचं भांडण झालं होतं. हे मला सांगायला कुणी तयार नव्हतं, शेवटी सात नंबरनंच सांगितलं, सगळ्यांसमोर. ते पान तिच्याच हातानं लिहायला दिलं. तिनं लिहिलं, "गोल मंगळवारी डबा खाताना सुरू झाला." या वहीतली सगळ्यात खरी ओळ ती आहे. भांडण मिटवायला मी मध्ये पडले नाही. दोघींना पुढच्या आठवडाभर सरावात एकत्र जोडी दिली.

२४ सप्टेंबर, बुधवार

उद्यापासून दुसऱ्या शालेय स्पर्धेचे तालुकास्तराचे सामने, आणि नवरात्र लागलंय. संघातल्या पाचजणींचे नऊ दिवसांचे उपवास आहेत. त्यांना सोडा म्हणणार नाही, पण उपाशीपोटी मैदानात उतरवणारही नाही. घरी निरोप पाठवले, सामन्याआधी दोन तास राजगिऱ्याचा लाडू, केळं, ताक, आणि सामन्यानंतर उकडलेली रताळी. नुसत्या साबुदाण्याच्या खिचडीवर धावता येत नाही, पोट जड होतं.

अडचण आली ती पाच नंबरची. तिच्या घरी नवरात्रात अनवाणी राहायची रीत आहे आणि यंदा तिनंही धरली आहे. नियमानं बुटांशिवाय खेळता येत नाही. जर्सी, हाफ पँट, मोजे, शिनगार्ड आणि बूट ही पाचही हवीतच. संध्याकाळी तिच्या घरी गेले, करंजे भागात. वडील म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं. आई काही बोलली नाही. घटासमोर बसलेल्या आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आंबाबाईच्या हातात शस्त्रं हायत का न्हाईत? मग हिच्या पायात बूट असले तर तिला काय वाईट वाटणार हाय? मैदानाच्या भाईर आली की काढ गं." मुलगी रडायलाच लागली, आनंदानं. मी आजींच्या पाया पडले.

२७ सप्टेंबर, शनिवार

तालुकास्तर जिंकला. गुरुवारी ३-०, आज अंतिम सामना १-०. आजचा गोल नऊ नंबरचा, पास सात नंबरचा. पाच नंबर मैदानाच्या रेषेपर्यंत अनवाणी आली, रेषेवर बसून बूट चढवले, सामना संपल्यावर तिथंच काढले. दोन सामन्यांत आमच्यावर एकही गोल नाही, त्यामुळं वहीत लिहायला काही नव्हतं. मुलींनी त्याही पानावर तारीख घालून पान कोरं ठेवायला लावलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

जिल्हास्तर, शाहू स्टेडियम. उपांत्यपूर्व फेरीत २-० नं जिंकलो. अकरा नंबरनं लांबच्या पोस्टवर उभं राहून रेषेवरून एक बॉल डोक्यानं बाहेर काढला. सामना संपल्यावर सगळ्या नऊ नंबरकडं पळाल्या, गोलकीपर तेवढी अकरा नंबरकडं गेली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

उपांत्य फेरी, फलटणच्या एका शाळेशी. १-१. टायब्रेकरवर ३-४ नं हरलो.

पूर्वार्धात आठ नंबरच्या फ्री किकवर आम्ही गोल केला. उत्तरार्धात, शेवटची दहा मिनिटं असताना, गोलकीपरनं एक उंच बॉल छान झेलला. समोर सगळ्या दमलेल्या. ती "वळा!" म्हणून ओरडली. रेफरीचा हात वर गेला, पाच, चार, तीन. दोन नंबरवर त्यांची मुलगी चिकटलेली. सहा नंबर लंगडत होती, मघाशी पायावर पाय पडला होता. बाकीच्या पाठमोऱ्या. आठ सेकंद संपले, कॉर्नर मिळाला आणि त्या कॉर्नरवरच डोक्यानं गोल. प्रेक्षकांतून ओरडा झाला तो गोलकीपरच्याच नावानं. तेव्हा पाच, आठ, दहा आणि सात नंबर, चौघी पळत तिच्याकडं गेल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. पण तिनं बॉल काढून स्वतः मध्यावर नेऊन ठेवला. ताठ मानेनं.

टायब्रेकरमध्ये तिनं एक अडवली, टेकलेल्या पायाकडं बघून. आमची एक पट्टीवरून गेली, एक त्यांच्या गोलकीपरनं अडवली. मारणाऱ्या पाचहीजणींनी आदल्या दिवशीच स्वतःहून नावं दिली होती. त्यातली प्रत्येकजण बॉलपर्यंत चालत गेली, याचा मला अभिमान आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

वही उघडली. टायब्रेकरचे गोल लिहायचे का यावर बराच वाद झाला. नाही लिहायचे असं ठरलं, कारण ते कुठूनच सुरू होत नाहीत, सगळे ११ मीटरवरूनच येतात. कॉर्नरचा गोल लिहिला. आकृती काढायला सहा नंबर उठली. तिनं गोलपासून सुरुवात केलीच नाही. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या हल्ल्याच्या शेवटी, दहा नंबर जिथं पास देऊन थांबली होती तिथं फुली मारली. म्हणाली, "इथून. आपण सगळ्या पुढं गेलो आणि दमून तिथंच राहिलो. मॅडम, पुढच्या वर्षी बदली खेळाडू आधी उतरवायला लागतील." तिघी बदली खेळाडू मागं बसल्या होत्या, त्यांनी एकदम मान वर केली. तिचं म्हणणं मला पूर्ण पटलं. शाळेच्या सामन्यात बदली खेळाडू शेवटी कुणी जखमी झालं तरच उतरते, हे बदलायला हवं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीची सुट्टी लागली, तरी सकाळपासून मुलींचे फोन. काल बिश्केकला सतरा वर्षांखालच्या मुलींनी उझबेकिस्तानला २-१ नं हरवलं आणि त्याही आशियाई स्पर्धेत पोहोचल्या. आधी एक गोल खाऊन, मग दोन करून. म्हणजे एकाच वर्षात मोठ्या, वीसखालच्या आणि सतराखालच्या, तिन्ही संघांनी जागा मिळवली. आमच्या मुलींच्या वयाच्या मुली आहेत त्या. चार नंबरनं फोनवर विचारलं, "मॅडम, आपल्यावर झालेला पहिला गोल कुठून सुरू झाला होता हे त्या पण लिहीत असतील का?" म्हटलं, लिहीत असतील, त्यांच्याकडं माणसंही असतात त्यासाठी.

८ नोव्हेंबर, शनिवार

शाळा परत सुरू झाली. हंगामाचा हिशेब असा, सात सामने, चार विजय, दोन पराभव आणि एक टायब्रेकरवर गेलेला. केलेले गोल नऊ, झालेले आठ. आठांतले तीन कॉर्नरवर, त्यामुळं पुढच्या वर्षी पहिल्या दिवसापासून कॉर्नर. आठांतला एकही गोल गोलकीपरपाशी सुरू झालेला नाही.

दहावीच्या सातजणींनी आज जर्स्या धुऊन, घड्या घालून दिल्या. शिनगार्डच्या दोन जोड्या फाटल्यात, तीन चालतील. बॉलपैकी एकाची शिवण उसवली आहे, पोवई नाक्याजवळच्या चांभारकाकांकडं दिला. गोलकीपर दहावीत आहे, तिच्या जागी कोण, हा प्रश्न होता. मागच्या वर्षी या जागेसाठी मला आर्जवं करावी लागली होती. आज आठवीतल्या तिघींनी हात वर केला, त्यातली एक कबड्डीची, पकड चांगली असलेली. सोमवारपासून सकाळी साडेसहाला तिघींचा वेगळा सराव. जुन्या गोलकीपरनं प्रिलिम सुरू होईपर्यंत आठवड्यातून एकदा येऊन शिकवायचं कबूल केलं आहे.